मोटारीची टाकी आणि घराची शिस्त

मध्यम स्थितीच्या कुटुंबांतहि मोटार ही हल्लीं नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. दारापुढें ती उभी असते, घरांतील तीन-चार माणसें ती आलटून पालटून नेतात, आणि तिच्यावांचून एक दिवस काढावयाचा म्हटलें तर सर्वांचीच तारांबळ उडते. परंतु एक चमत्कारिक गोष्ट अशी कीं, ज्या घरांत दुधाचा रतीब, वाण्याची यादी व कामवालीच्या खाड्यांचा हिशेब चोख असतो, त्याच घरांत मोटारीच्या टाकींत किती इंधन आहे हें बहुधा कोणासच ठाऊक नसतें. कांटा खालीं टेकला, पिवळा दिवा लागला, तरी 'अजून पन्नास किलोमीटर सहज जाईल' असें म्हणून जो तो किल्ली खुंटीस अडकवितो आणि आपल्या कामास लागतो.

नांदेडच्या एका भगिनीनें याच विषयावर आम्हांस लिहिलें आहे. घरीं मोटार एक आणि चालविणारे चार: सासरे, पति, धाकटे दीर व त्या स्वतः. मुलांना शिकवणीस पोंचविण्याचें व सासूबाईंना दवाखान्यांत नेण्याचें काम त्यांजकडे. मोटार त्यांच्या हातीं येते तेव्हां दिवा लागलेलाच असतो. पेट्रोल भरावयाचें तर पैसे मागावे लागतात, आणि मागितले तर 'परवांच तर भरलें' हें उत्तर ठरलेलें. दिवा लागल्यावर मोटार खात्रीनें किती जाते, व तशी ती चालविल्यानें नुकसान होतें काय, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. दोहोंचीं उत्तरें आम्ही देणारच आहों. परंतु त्यांनीं न विचारलेला तिसरा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. टाकीच्या तळाशीं उरलेलें इंधन घरांत कोणाच्या मालकीचें?

प्रथम कांट्याविषयीं. टाकीच्या आंत एक हलका तरंगता गोळा दांडीस जोडलेला असतो. इंधन उतरेल तसा गोळा उतरतो, दांडी सरकली कीं विजेच्या प्रवाहांत फरक पडतो, आणि त्या फरकावरून समोरचा कांटा हलतो. रचना साधी व टिकाऊ आहे, पण ती कांहीं मापाची पायली नव्हे. मोटार चढावर असली, वळणावर कलली किंवा ओबडधोबड जागीं उभी केली, तर इंधन एका अंगास जातें व कांटा खोटें बोलतो. टाकी भरलेली असतां या खोटेपणानें कांहीं बिघडत नाहीं. तळाशीं थोडेंच उरलें असतां मात्र तेवढ्याच फरकावर घर गांठणें किंवा वाटेंत राहणें ठरतें. नव्या मोटारींत 'अजून इतके किलोमीटर' असा आंकडाहि दिसतो, आणि लोक त्यावर पंचांगाप्रमाणें विश्वास ठेवितात. तो आंकडा मागील प्रवासाच्या सरासरीवरून काढलेला निव्वळ अंदाज होय. गेल्या आठवड्यांत पाहुणे नव्हते म्हणून डब्यांतलें पीठ दहा दिवस पुरेल, असें म्हणण्यासारखें तें आहे. उद्यां दारांत चार पाहुणे उतरले तर त्या हिशेबाचा उपयोग काय?

दिवा लागतो तेव्हां लहान मोटारींत साधारणपणें पांच-सहा लिटर इंधन उरलेलें असतें. नेमका आंकडा मोटारीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत असतो, व घरांतील प्रत्येक चालविणाऱ्यानें तो एकदां पाहून ठेवावा. लिटरला पंधरा किलोमीटर, म्हणजे पांच लिटरांत पंचाहत्तर, असें गणित पुष्कळजण करितात. आतां हें गणित आपल्याच रस्त्यावर लावून पाहूं. नांदेडाहून लोहा, माळेगांव, अहमदपूर, चाकूर असें करीत लातूर सुमारें १४० किलोमीटर आहे. नांदेड गोदावरीच्या कांठीं सखलांत, तर लातूर बालाघाटच्या पठारावर. म्हणजे जातांना एकंदरींत चढ व येतांना उतार. लातुराहून येतांना जेवढें इंधन पुरलें तेवढेंच परत जातांना पुरेल, असें धरून चालतां येत नाहीं. त्यांत पांच माणसें, मागें सामान, आणि वैशाखाच्या उन्हांत मोटारींतील थंड हवेचें यंत्र चालू, अशी स्थिति असली म्हणजे पंधराचे बारा होतात. मार्गशीर्षाच्या वद्य पक्षाच्या अखेरीस माळेगांवास खंडोबाची यात्रा भरते. त्या गर्दींत मोटार तासभर जागच्या जागीं घुरघुरत राहिली, तर एक पाऊलहि पुढें न जातां पाऊण-एक लिटर इंधन जळून जातें. शिवाय टाकीच्या अगदीं तळचें इंधन पंपास नीट ओढतां येत नाहीं तें निराळेंच. तात्पर्य, पंचाहत्तरांचे पन्नास होण्यास फारसें कांहीं घडावें लागत नाहीं, आणि भरंवसा ठेवावयाचा तो पन्नासांवरहि नव्हे, जवळच्या पंपावर.

जुन्या अनुभवावर विसंबणारांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हल्लीं पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्यें शेंकडा २० पर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें, आणि एक लिटर इथेनॉलमध्यें पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांश एवढीच शक्ति असते. जुन्या धर्तीच्या चारचाकी मोटारींचें अंतर या मिश्रणानें शेंकडा ६ ते ७ घटेल, असा अंदाज नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांतच दिलेला आहे. 'दहा वर्षांपूर्वीं याच दिव्यावर आम्हीं अहमदपुराहून नांदेड गांठलें होतें' ही वडीलधाऱ्या मंडळींची आठवण खरी असेल. पण तें पेट्रोल वेगळें होतें.

दुसरा प्रश्न नुकसानीचा. टाकीच्या तळाशीं गाळ सांचतो व शेवटचें इंधन वापरलें कीं तो इंजिनांत जातो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः टाकी कांठोकांठ भरलेली असली तरी इंधन तळाजवळूनच ओढलें जातें, आणि तें गाळण्याची सोयहि असते. तेव्हां ही भीति बरीचशी अतिशयोक्त म्हणावी लागेल. खरें नुकसान निराळें आहे. हल्लींच्या बहुतेक पेट्रोल मोटारींत इंधन पुढें ढकलणारा विजेचा पंप टाकींतच बसविलेला असतो, व सभोंवतालचें इंधनच त्यास थंड ठेवितें. तें नेहमींच तळाशीं राहिलें तर पंप तापतो. एकदां-दोनदां असें झाल्यानें कांहीं होत नाहीं. पण महिनोन्महिने हीच संवय ठेविली तर त्याचें आयुष्य घटतें, आणि दोनशें रुपयांच्या पेट्रोलची टाळाटाळ कांहीं हजारांच्या खर्चाला कारण होते. डिझेलच्या मोटारीची तऱ्हा याहून अवघड. टाकी पार कोरडी पडली कीं नळ्यांत हवा शिरते. कारागीर त्यास 'गाडीनें एअर घेतली' असें म्हणतात. ती हवा काढल्याखेरीज, नवें डिझेल ओतलें तरी इंजिन सुरू होईलच असें नाहीं.

ज्यांच्या तरुणपणीं घरांत स्कूटर होती त्यांस ती आडवी कलवून शेवटचे थेंब खालीं आणण्याची युक्ति आठवत असेल. त्या वाहनांस 'रिझर्व्ह'ची तोटी असे. मुख्य सांठा संपला कीं गाडी अडखळे, मग आपण खालीं वाकून आपल्या हातानें तोटी फिरवीत असूं. त्या एका कृतींत मोठा गुण होता. राखीव सांठ्यास आपण हात घातला आहे, हें मनास तत्क्षणीं कळे, आणि पहिलें काम पेट्रोल भरण्याचें, असा निश्चय होई. आतां तोटी गेली व तिच्या जागीं दिवा आला. दिव्याची मात्र डोळ्यांना संवय होते. रोज लागलेला दिवा हा न लागलेल्या दिव्यासारखाच होय.

असो. इतकें सांगूनहि प्रसंग येतोच. अशा वेळीं बहुतेकजण पहिली चूक करितात ती ही कीं, इंधन संपण्याच्या आधीं पोंचावें म्हणून वेग वाढवितात. हा निव्वळ भ्रम आहे. वेग दुप्पट झाला कीं हवेचा विरोध चौपट होतो, आणि इंधन त्या मानानें अधिक जळतें. ताशीं पन्नास-साठ किलोमीटरांची एकसारखी गति, त्या गतीस झेपेल तेवढा वरचा गिअर, हलका पाय आणि थंड हवेचें यंत्र बंद, हीच खरी काटकसर. दुसरी चूक उतारावर गिअर काढून मोटार न्यूट्रलमध्यें सोडण्याची. नव्या मोटारी गिअरमध्यें असतां ॲक्सिलरेटरवरून पाय काढला कीं उतारावर इंधन आपोआप तोडतात. न्यूट्रलमध्यें मात्र इंजिन चालू ठेवण्यास थोडें इंधन लागतच राहतें, आणि मोटारीवरचा ताबा कमी होतो तो वेगळाच. तिसरी चूक आवडत्या पंपाची. 'पुढचा पंप चांगला आहे' म्हणून पहिला पंप सोडूं नये. दोन लिटर येथें घ्यावें व उरलेलें पुढें जाऊन भरावें.

इंजिन आचके देऊं लागलें तर क्षणाचाहि विलंब न लावतां डावीकडे यावें व चारहि इंडिकेटर लावावे. इंजिन थांबतांच सुकाणूचक्र जड होण्याचा संभव असतो, आणि ब्रेकची यांत्रिक मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. म्हणून गति आहे तोंवरच, एकाच ठाम दाबांत मोटार रस्त्याच्या कडेबाहेर घ्यावी. मागें बऱ्याच अंतरावर लाल त्रिकोण ठेवावा. मुलांना व वृद्धांना मोटारींत बसवून न ठेवतां रस्त्यापासून दूर उभें करावें. थंडीच्या दिवसांत ऊस वाहणारे ट्रॅक्टर रात्रभर या रस्त्यांवर चालतात, व त्यांतील कित्येकांच्या मागें दिवा नसतो, हें आमच्या लातूर-नांदेडच्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाहीं. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या क्रमांकावर मदत मागतां येते.

दोन गोष्टी मात्र कोणत्याहि परिस्थितींत करूं नयेत. एक, पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलींत पेट्रोल घेऊन मोटारींत ठेवणें. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडींतहि पेट घेते, मग मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत बंद मोटारींत काय होईल याची कल्पना करावी. दुसरी, दुसऱ्या गाडींतून नळी घालून तोंडानें पेट्रोल ओढणें. घोटभर पेट्रोल चुकून श्वासनलिकेंत गेलें तर फुप्फुसांस जीवघेणी इजा होते. कोणाच्या हातून तें गिळलें गेलें, तर उलटी करविण्याचा घरगुती उपाय न करितां त्यास तडक रुग्णालयांत न्यावें.

आतां तिसऱ्या प्रश्नाकडे वळूं. आमच्या एका स्नेह्यांच्या एकत्र कुटुंबांत गेल्या पावसाळ्यांत रात्रीं दीड वाजतां आजोबांच्या छातींत कळ आली. मोटार दारांत, किल्ली खुंटीवर, चालविणारे तिघे घरांत. आणि टाकींत दिवा लागून दोन दिवस झालेले. संध्याकाळीं मोटार घेऊन आलेल्या चिरंजीवांनीं 'सकाळीं भरूं' असें मनाशीं ठरविलेलें होतें. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलाविली, शेजारच्यांची मोटार मागितली, आणि आजोबा वेळेवर पोंचले. प्रसंग निभावला. परंतु त्या अर्ध्या तासांत घरांतील प्रत्येकास जें वाटलें, तें अद्यापि कोणी बोलून दाखविलेलें नाहीं. चिरंजीव आळशी नव्हते, कीं निष्काळजीहि नव्हते. टाकींतलें उरलेलें इंधन हें आपल्या सोयीपुरतें आहे, एवढीच त्यांची समजूत चुकली होती.

संकटें आगाऊ सूचना देऊन येत नाहींत, हें या भागास शिकविण्याचें कारण नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीची भूमि हादरली ती पहाटे चारच्या सुमारास, लोक गाढ झोपेंत असतां. आणि अडचणीच्या वेळीं पंप उघडे व भरलेले असतीलच, हाहि भरंवसा धरतां येत नाहीं. मराठवाड्याच्या मोठ्या भागास इंधन येतें तें मनमाडनजीकच्या पानेवाडी येथील सांठ्यांतून, शेंकडों किलोमीटरांचा रस्ता तुडवून. परभणी-नांदेडकडे पेट्रोलचे भाव चढे असतात त्याचेंहि एक कारण हें अंतर होय. १ जानेवारी २०२४ रोजीं ट्रक व टँकर चालकांनीं नव्या न्यायसंहितेंतील अपघातविषयक कलमाच्या विरोधांत काम थांबविलें, आणि पाहतां पाहतां राज्यांत गांवोगांवीं पंपांवर रांगा लागल्या. दुसऱ्या दिवशीं रात्रीं तोडगा निघाला. अवघे दोन दिवस. त्या दोन दिवसांत ज्यांच्या टाक्या अर्ध्या होत्या ते घरीं स्वस्थ बसले, व ज्यांचे दिवे लागलेले होते ते रांगेंत उभे राहिले. तहान लागल्यावर विहीर खणणें म्हणतात तें याहून वेगळें काय?

सांठ्याचा तळ दिसणें म्हणजे काय, हें लातूरकरांनीं तर एकदां फार जवळून पाहिलें आहे. २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण कोरडें पडलें, आणि १२ एप्रिल रोजीं मिरजेहून दहा वाघिणींत सुमारें पांच लाख लिटर पाणी घेऊन आगगाडी लातुरास आली. एरव्हीं तेल वाहणाऱ्या वाघिणी वाफेनें स्वच्छ करून त्यांतून पिण्याचें पाणी आणावें लागलें. त्या दिवसांत कोणत्याहि घरांत हंड्यांतलें शेवटचें पाणी 'माझें' नव्हतें. तें आजारी माणसाचें होतें, लहान मुलाचें होतें, रात्रीं अवचित कोणास तहान लागेल त्याचें होतें. जें घर पाण्याच्या बाबतींत हा विवेक इतक्या सहज पाळूं शकलें, त्या घरास पेट्रोलच्या बाबतींत तो अवघड कां जावा?

आमच्या गृहिणी तर हा नियम पिढ्यान् पिढ्या पाळीत आल्या आहेत. तांदळाच्या डब्याचा तळ त्या दिसूं देत नाहींत, आणि एखादा जिन्नस खरोखर सरला तरी 'संपला' न म्हणतां 'वाढला' म्हणतात. यांत केवळ शुभाशुभाची कल्पना नाहीं. अवेळीं आलेला अतिथि उपाशी जाऊं नये, ही तिच्या मुळाशीं असलेली व्यवस्था आहे. डब्यांतील शेवटचें माप हें त्या न आलेल्या पाहुण्याचें असतें. टाकींतील शेवटचा चतुर्थांशहि तसाच, घराच्या न सांगतां येणाऱ्या गरजेचा मानावा, असें आमचें मत आहे.

परंतु उपदेश करून नियम पाळले जात नाहींत. त्यांस व्यवस्थेची जोड लागते. आमच्या सूचना थोडक्यांत अशा. कांटा पाव टाकीवर आला कीं तीच टाकी रिकामी समजावी; पिवळ्या दिव्याची वाट पाहूं नये. जो मोटार घरीं आणील, त्यानें ती निदान पाव टाकीच्या वर ठेवूनच किल्ली खुंटीस लावावी, मग तो घरांतला वडील असो कीं धाकटा. परगांवीं जावयाचें असेल तर आदल्या संध्याकाळींच टाकी भरावी. लातुराहून नांदेडास परीक्षेचें केंद्र आलेला मुलगा मागें बसलेला असतां पंप शोधीत फिरणें यासारखी दुसरी शिक्षा नाहीं, कारण वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचें फाटक दुपारीं दीड वाजतां बंद होतें तें कोणाच्याहि टाकीकडे पाहून उघडत नाहीं.

आणि शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. पेट्रोलचे पैसे एका ठराविक ठिकाणीं, सर्व चालविणाऱ्यांस न मागतां घेतां येतील असे ठेवावे व शेजारीं एक लहान वही असावी. नांदेडच्या भगिनींच्या पत्राचें खरें दुखणें आमच्या मतें येथें आहे. ज्या सुनेच्या हातीं आपण आपलीं नातवंडें आणि आपली आजारी पत्नी विश्वासानें सोंपवितों, तिच्या हातीं पांचशें रुपये सोंपवितांना हिशेब विचारावा, ही गोष्ट घरांतील वडिलांनीं शांतपणें विचार करण्यासारखी आहे. घरकामाची मोटार चालविणें हें काम तिच्याकडे आलें, तेव्हां त्या कामाचा अधिकारहि तिच्याकडे यावयास हवा होता; तो वाटेंत कोठें तरी अडकून राहिला. घरांतील पुष्कळ टाक्या पेट्रोलच्या टंचाईमुळें रिकाम्या राहत नाहींत. पैसे मागण्याच्या संकोचामुळें राहतात.

हे नियम महिनाभर पाळून पाहावे. खर्च एका पैशानेंहि वाढत नाहीं, कारण जेवढें अंतर जावयाचें तेवढेंच इंधन जळणार. फरक इतकाच कीं, पैसे चार दिवस आधीं द्यावे लागतात. तेवढ्या मोबदल्यांत, रात्रीं-बेरात्रीं घरांतील कोणींहि किल्ली उचलली तरी मोटार निघेल, ही निश्चिंती सर्वांस लाभते. एकत्र कुटुंबांत सामायिक वस्तूंवरून जे लहान लहान रुसवे होतात, त्यांतला एक तरी यायोगें कमी होईल, अशी आम्हांस आशा आहे.